नस बंद

म्हाताऱ्याचा उजवा पाय मांडीतून गेला. डॉक्टर म्हणतात, बिडीनं गेला. खरंच आहे. पण बिडीच्या जोडीला दोन शब्दही होते, ते डॉक्टरला ठाऊक नाहीत.

आमचे मालक जन्मभर कालव्यावर पाटकरी होते. खांद्यावर फावडं टाकून कडेकडेनं चालायचं, कुठं फुटलं, कुठं बुजलं ते बघायचं, ज्याची पाळी त्याच्या रानात पाणी सोडायचं. नोकरी सुटली तरी चालायची खोड सुटली नाही. मग पोटरीत गोळा यायला लागला. थांबलं की बरं, चाललं की पुन्हा. वय झालं म्हणून मी तेल चोळत राहिले. पाऊल गार पडायला लागलं तेव्हा ते एकटेच हदगावहून बसनं नांदेडला गेले आणि दवाखान्यात दाखवून आले.

आले ते तोंड पाडून. काय म्हणाला डॉक्टर, विचारलं तर भिंतीकडं बघत बोलले, "नस बंदचं ऑपरेशन सांगितलंय."

धाकटा दीर चहा पीत होता. त्याला ठसकाच लागला. "आता ह्या वयात? दादा, सरकार अजून तुला भिऊन राहिलं काय?"

सून तोंडाला पदर लावून आत गेली. मीही हसले. म्हातारा हसला नाही.

तरणे होते तेव्हा गावात जीप यायची आणि माणसं धरून नसबंदीला न्यायची. हे कालव्याच्या मोरीत लपून वाचले. मोरीतला माणूस म्हणून गावानं त्यांना पुढं कितीतरी वर्षं चिडवलं. त्यांच्या डोक्यात नस, बंद आणि ऑपरेशन यांचा एकच अर्थ पक्का बसलेला. त्यात नांदेडच्या डॉक्टरनं जांघेत बोटं दाबून बघितलेलं आणि चिराही तिथंच द्यावा लागेल म्हणून सांगितलेलं. बाहेर गर्दी होती, डॉक्टर घाईत होता. ह्यांनी पुढचं काही विचारलं नाही.

दिरानं ती गोष्ट पारावर नेली. तुपाचा डबा मिळाला की आम्हाला विसरू नका, असं लोक म्हणायला लागले. त्या काळी ऑपरेशन करणाऱ्याला डबा द्यायचे. म्हातारा पारावर जायचा बंद झाला. आम्हाला वाटलं, रुसला. पाय चालत नव्हता, हे त्यानं त्या रुसव्याआड झाकलं. उन्हाळ्यात मोजे घालून बसायचा.

वास यायला लागला तेव्हा लातूरची लेक आली होती. तिनं मोजा ओढून काढला. अंगठा आणि शेजारचं बोट काळं, वाळलेलं. ती रडली नाही, गाडी बोलावली आणि आम्हाला लातूरला घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरनं आधी विचारलं, आजोबा, काम काय करत होता? पाटकरी म्हटल्यावर तो खुर्ची ओढून जवळ बसला.

"वर पाट बुजला तर शेवटच्या रानाला पाणी जातं का?"

"न्हाई. वाळतं ते."

"तुमचं शेवटचं रान वाळून राहिलंय. रक्ताची नळी बुजली. दुसऱ्या पायातली नस काढून बाजूनं नवा पाट जोडायचा."

म्हाताऱ्यानं आपल्या पायाकडं बघितलं. मग म्हणाला, "असं सांगायचं की. त्यो नस बंद म्हनला."

डॉक्टरला काही कळलं नाही. मला कळलं. लेकीलाही कळलं, तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

पोटरी दुखत होती तेव्हा आला असता तर पायाची आशा बरी होती, डॉक्टर म्हणाला. आता खाली सगळंच बारीक झालंय, नवा पाट किती टिकेल सांगता येत नाही. ऑपरेशन झालं, काळी बोटं काढली. नर्सनं पावलावर एक छोटं यंत्र धरलं. त्यातून सू सू असा आवाज आला.

"पाणी आलं," म्हातारा म्हणाला. तेवढा एकदाच मी त्याला खूश बघितला.

पाणी टिकलं नाही. थोडं आधीचं दुखणं, थोडी लेकीच्या संडासात लपून ओढलेली बिडी. एका सकाळी पाऊल पांढरं आणि गार झालं. पुन्हा उघडून बघितलं, पण जोडायला खाली काही उरलं नव्हतं. मांडीतून कापावा लागला.

गावी आणलं तेव्हा पारावरचे भेटायला आले. तुपाच्या डब्याचं कुणी काढलं नाही. दीर येतो, दारातच बसतो, चहा घेत नाही. मी त्याला आत ये म्हणत नाही.

आता उरला डावा पाय. ज्यातली नस काढली तोच. म्हाताऱ्याला वाकता येत नाही, म्हणून रोज आंघोळीआधी मी त्या बोटांना उलटा हात लावून बघते. ते विचारतात, "पाणी हाय का?" मी हाय म्हणते.

आज करंगळी गार लागली.

"हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं आणि लेकीला फोन लावला.