आईच्या मशीनवरची ओळ

वडील गेल्यावर लोणी देवकरच्या कारखान्यानं त्यांच्या जागेवर आईला घेतलं. हजेरीची खोली, त्यांचीच खुर्ची, समोर कॉम्प्युटर. मी तेव्हा बारामतीत कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचे, पण आईला शिकवताना मला घाम फुटला. ती मात्र चिकाटीची. हळूहळू कामगारांची हजेरी चढवायला लागली.

मग एका सकाळी मशीन सुरू केल्यावर पडद्यावर इंग्रजी ओळ आली. आईला त्यातला 'एरर' तेवढा कळला. एरर म्हणजे चूक, आणि खुर्चीत ती एकटी, म्हणजे चूक तिचीच. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग तिनं संध्याकाळी मशीन बंद करायचंच सोडलं. साहेब रागावले.

सुट्टीला घरी गेले तर म्हणाली, "मला न्हाय जमायचं हे. सोडते नोकरी."

आईचं हे जुनंच होतं. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा गॅस असेल म्हणून तिनं ओवा दिला होता. बारामतीच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. तिला कुणीच बोल लावला नव्हता, तिचा तिनंच लावून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर कारखान्यात जाऊन मी मशीन पाहिलं. आतल्या घड्याळाची बॅटरी संपली होती, एवढंच. मशीन बंद झालं की ते तारीख विसरायचं. नवी बॅटरी पुण्याहून यायची होती. तोवर तारीख विचारण्याआधी मराठीत निरोप दिसेल अशी सोय मी केली. मोठ्या ऐटीत लिहिलं, 'संगणकाची कालनोंद अवैध आहे.'

आईनं वाचलं. "म्हंजी मी काय केलं?"

"तू काय बी न्हाय केलंस गं!" मी वैतागून ओरडले. आणि मग माझं मलाच हसू आलं, कारण लिहायला हवं होतं ते हेच. ते खोडून लिहिलं, 'तुमची काही चूक नाही. मशीनचं घड्याळ थांबलं होतं. आजची तारीख टाका.'

आईनं तारीख टाकली. नोकरी सोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

बॅटरी आल्यावर मी ती बसवली आणि निरोप काढून टाकला. पुढच्या खेपेला कारखान्यात गेले तर आई मशीनसमोर नुसतीच बसली होती.

"मशीन पुन्हा अडतंय का?"

"न्हाय. चांगलं चालतंय." पदराशी चाळा करत ती म्हणाली, "पन ते आता काय बोलत न्हाय. रोज सकाळी तुज्या वडलांच्या खुर्चीत बसलं की म्हनायचं, तुमची काही चूक नाही. तेवढं बरं वाटायचं गं."

मी खुर्ची ओढली. घड्याळाचं, तारखेचं काढलेलंच ठेवलं, फक्त पहिली ओळ परत घातली, आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं.

आईनं ती ओळ सावकाश वाचली. मग डोळे पुसून हजेरी चढवायला घेतली.