तीन ठिपक्यांचा बुश

प्रमोदचं शटर बंद दिसलं की लोक माझ्याकडे येतात. मी केरू, वेल्डिंगवाला. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एकाच पत्र्याखाली आमचे दोन गाळे, मध्ये अर्धी भिंत. परवा कोल्हापूरहून दोघे आले, मोबाइलवर गाडीचे फोटो घेऊन. "प्रमोदभाऊ कधी भेटतील?" म्हटलं, नाही भेटणार. "मग पुढच्या आठवड्यात?" अरे बाबांनो, नाही म्हणजे नाही, मराठीतच सांगतोय ना! बिचारे तोंड पाडून गेले. नंतर मलाच वाईट वाटलं, पण रोज रोज तेच सांगून माझंही डोकं फिरतं.

प्रमोदचं काम असं होतं की जुन्या मोटरसायकलीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं खूळ ज्याच्या डोक्यात शिरलं, तो शेवटी त्याच्या दारात यायचा. कारण अशी गाडी कुठल्याच कंपनीने काढलेली नसते, मग तिचा पार्ट कुठल्या दुकानात मिळणार? इंजिन धरायच्या प्लेटा, चाकात बसणाऱ्या धातूच्या नळ्या म्हणजे बुश, चेन सरळ रेषेत आणणाऱ्या चकत्या, सगळं एकेक करून लेथवर घडवावं लागतं. गोव्यापासून पोरं यायची. गाडी उभी करून तासभर नुसती तिच्याकडे बघत बसायची. प्रमोदही बघत बसायचा. मी भिंतीवरून ओरडायचो, "काय रे, मुलगी बघायला आलायत की काय?"

आणि त्याचा तो नियम! ताजा जॉब, म्हणजे नुकता घडवलेला पार्ट, कुणाच्या हातात द्यायचा नाही. लेथवरून उतरवला की फडक्यावर ठेवायचा, शटर ओढायचं, घरी जायचं. सकाळी येऊन धातू पूर्ण निवलेला असताना पुन्हा माप घ्यायचं. माप बरोबर आलं तर कडेला पंचने तीन बारीक ठिपके मारायचे आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. हे त्याच्या बापाचं, काशीरामचं. काशीराम अलोऱ्याला कोयनेच्या वसाहतीत वर्कशॉपमध्ये होता. तो म्हणायचा म्हणे, गरम धातू फुगलेला असतो, तो खोटं बोलतो. रात्र गेली की खरं बोलतो. मी एकदा प्रमोदला चिडवलं, "तीनच ठिपके का रे? बुद्ध, धम्म, संघ?" तर हसून म्हणाला, "बाबांना कधी विचारलं नाही. मारायचे, म्हणून मी मारतो."

गिऱ्हाइकं कितीही घायकुतीला आली तरी हा ऐकायचा नाही. एक मात्र अपवाद झाला. शार्दूल.

शार्दूल म्हणजे देवदत्त सरांचा मुलगा. सर हायस्कुलात गणित शिकवायचे, आता निवृत्त. नोकरीला लागल्यावर त्यांनी घेतलेली मोटरसायकल इंजिन जाम झाल्यापासून घरामागच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, पडून होती. शार्दूलने ती बाहेर काढली, तिच्यात नवं इंजिन घालायचं ठरवलं. सरांना ते अजिबात पटलं नाही. "त्या गाडीचं आयुष्य संपलं, आता तिच्या मागे लागू नकोस" हे पालुपद घरात रोज चालायचं. पण पोरगं गोड होतं हो. येताना प्रमोदसाठी काजूगर आणायचं, मला "केरूमामा, डोळे सांभाळा" म्हणायचं, लेथच्या बाजूला खुर्ची ओढून बसायचं आणि कीस कसा पडतो ते बघत राहायचं. प्रमोदला स्वतःचं मूलबाळ नाही. मला सगळं दिसत होतं, पण मी काय बोलणार?

गाडी तयार झाली. फक्त मागच्या चाकातला गनमेटलचा बुश राहिला होता. शार्दूलला चिपळूणला नोकरी लागली होती आणि पहिल्या दिवशी याच गाडीवरून जायचं त्याने मनात धरलेलं. नेमकी आदल्या दिवशी लाइट गेली, ती दुपार कलल्यावर आली. प्रमोदने जॉब उतरवला आणि सवयीने फडक्यावर ठेवला. शार्दूल म्हणाला, "काका, आज नाही मिळाला तर उद्या एसटीने जावं लागेल. बाबा म्हणतील, बघ, मी म्हटलं नव्हतं?" प्रमोदने एकदा पोराच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याने तो बुश गरम गरमच उचलला, मायक्रोमीटर लावलं, माप बरोबर दिसलं. चाकात ठोकून बसवला. चांगला घट्ट बसला. पंच मात्र त्याने उचलला नाही. पोरगं गाडी चालू करून हात हलवत गेलं तेव्हा मी भिंतीवरून बघत होतो. म्हटलं, "अरे वा, आज बापाचा नियम मोडलास?" तो म्हणाला, "एकदा चालतं रे."

महिना गेला असेल. संगमेश्वरच्या अलीकडे, एका साध्या उतारावर, मागचं चाक अडकून शार्दूल पडला. समोरून ट्रक येत होता. पुढचं सांगायला नको.

देवदत्त सर स्मशानातच म्हणाले, "वेगात असणार. कधी ऐकलं नाही माझं." दिवसकार्याला येणाऱ्या प्रत्येकाला तेच. पोराचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही. स्वतःच्या चुकीने मेला, त्याला हार कशाला घालायचा, असं म्हणाले. पोरगं गेलेल्या घरात बोलायची भाषा आहे का ही? मला सरांचा इतका संताप आला की दहाव्याला मी घाटावरून न बोलताच परत आलो. प्रमोद तर गेलाच नाही. तो दिवसभर लेथपाशी उभा असायचा आणि लेथ बंद असायचा.

मग एका संध्याकाळी शार्दूलची आई, नीरजाताई, आल्या. हातात रुमालाची पुरचुंडी. गाडी पोलिसांकडून सोडवून आणल्यावर एका मेकॅनिकने त्यांना ही वस्तू काढून दिली होती. पुरचुंडी सोडून त्यांनी बुश प्रमोदच्या टेबलावर ठेवला.

"प्रमोदभाऊ, हा तुमच्याकडचाच ना? मेकॅनिक म्हणाला, हा सुटला म्हणून चाक अडकलं. मला गाडीतलं काही कळत नाही. मला एवढंच सांगा, हा वेगामुळे सुटला का? माझा मुलगा खरंच बेफाम चालवत होता का?"

प्रमोदने बुशला हात लावला नाही. म्हणाला, "ताई, सकाळी सांगतो. सकाळी माप घेऊन सांगतो."

त्या गेल्या. मी भिंतीला वळसा घालून आत आलो. बुशकडे बघितलं आणि मलाही कळलं. आयुष्यभर लोखंडातच आहे मी. बाहेरून सगळीकडे गोल गोल चकाकी आली होती. घट्ट बसलेला बुश जागेवर फिरत नाही. हा फिरला होता, म्हणजे निवल्यावर तो केसभर आक्रसला होता आणि पहिल्या दिवसापासून सैल होता. महिनाभर हळूहळू सरकत सरकत त्या उतारावर बाहेर आला.

"प्रम्या," म्हटलं, "खड्ड्यात आपटून सुटला म्हणून सांग. किंवा म्हण, काही कळत नाही, पार घासून गेलाय. खोटं ठरवायला कोण येणार आहे?"

त्याने कपाटातून फडकं काढलं.

"मेल्या, उद्या पोलीस आले तर? हे दुकान गेलं तर? पोरगं काय परत येणार आहे?"

त्याने फडकं टेबलावर पसरलं. बुश फडक्यावर ठेवला आणि शटर ओढून निघून गेला. बुश तर केव्हाचा थंड होता हो! पण बापाचा नियम. आता पाळून काय उपयोग होता?

दिवस उजाडल्याबरोबर मी त्याच्या घरी गेलो. तो आधीच दुकानाकडे निघाला होता. म्हटलं, निदान बायको तरी आवरेल त्याला. त्याची बायको स्वप्ना चुलीपाशी बसून होती, चूल पेटवलेली नव्हती. मी सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "केरूभाऊ, पोरगं गेल्याला महिना झाला, त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. सांगू दे त्यांना." कपाळ माझं! म्हटलं, या घरात सगळेच असे. पुढे तिच्यासमोर उभं राहवेना, म्हणून तसाच दुकानात आलो.

नीरजाताई माझ्या आधीच आल्या होत्या. प्रमोद मायक्रोमीटर पुसत होता. बुशच्या एका कडेला चाकाबाहेर राहिलेला न घासलेला भाग होता, तिथे त्याने माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग मायक्रोमीटर पेटीत ठेवून पेटी बंद केली.

"ताई, हा बुश माझा. त्या दिवशी मी तो गरम असताना मापला आणि निवायच्या आत चाकात बसवला. निवल्यावर तो बारीक झाला. शार्दूलने सावकाश चालवली असती तरी हा सुटलाच असता. आज नाही तर उद्या. त्याची काही चूक नव्हती. चूक माझी आहे."

मला वाटलं, आता ही बाई किंचाळेल, त्याच्या थोबाडीत मारेल. मी तयारीनेच उभा होतो. त्यांनी बुशवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "वेगात नव्हता?"

"वेगाचा काही संबंध नव्हता, ताई."

"हे तुम्ही त्याच्या बाबांना सांगाल?"

"सांगतो."

त्यांनी रुमाल पुढे केला. प्रमोद बुश त्यात ठेवणार होता, पण थांबला. कपाटातून पंच आणि हातोडी काढली. बुश कडेवर उभा धरला आणि ठक, ठक, ठक, तीन ठिपके मारले. मी ओरडलो, "अरे, काय करतोस हे! स्वतःच्या हाताने सही करतोयस!" तो म्हणाला, "निवल्यावर मापलाय, खरं बोललाय तो. आता मारायलाच पाहिजेत." आणि बुश रुमालात ठेवून त्यांच्या हातात दिला.

माझा राग अजून गेलेला नाही. कुणी काहीही म्हणो, मला अजूनही वाटतं त्याने गप्प बसायला हवं होतं. त्या दिवसानंतर त्याने लेथला हात लावलेला नाही. दुकान गेलं, हातातली कला गेली. केस होणार की नाही ते अजून टांगलेलंच आहे. दारावर गाडीचा आवाज झाला तरी स्वप्ना दचकून उठते. एका केसाएवढ्या फरकासाठी एका माणसाने किती भरायचं?

पण त्याच दुपारचं एक सांगतो. सर आले. छत्री नाही, चप्पल नाही, उन्हात चालत आलेले. मुठीत तोच रुमाल. मला वाटलं, आता हे प्रमोदला जिता सोडत नाहीत. मी हातातली वेल्डिंगची काच टाकून धावलो. सर दारातच उभे राहिले.

"प्रमोद, ही म्हणते ते खरं आहे?"

"खरं आहे, सर."

"नीट चालवत होता तो?"

"नीटच चालवत असणार, सर. सावकाश असता तरी हा सुटलाच असता. हे माझ्याकडून झालं. तुम्ही पोलिसांत जा, मी नाही म्हणणार नाही."

सरांनी ते ऐकलंसुद्धा नाही बहुतेक. शार्दूल बसायचा ती खुर्ची लेथपाशी तशीच होती, तिच्याकडे बघत ते खाली उंबऱ्यावर बसले. "मी त्याला चितेवरसुद्धा शिव्या घातल्या रे," म्हणाले. "चितेवर. त्याची काही चूक नसताना." आणि ज्या माणसाच्या डोळ्यांत पोरगं गेल्यापासून पाणी बघितलं नव्हतं, तो गुडघ्यांत डोकं घालून ओक्साबोक्शी रडायला लागला. "शार्दूल, शार्दूल" म्हणत होते नुसते. प्रमोद हात जोडून समोर उभा. दोघांपैकी कुणाला धरावं ते मला कळेना.

मग सर उठले. प्रमोदला हो नाही काही म्हणाले नाहीत. रुमाल मुठीत धरून आले तसे चालत गेले. संध्याकाळी त्यांच्या घरी फोटो लागला असं नंतर कळलं.

सर गेल्यावर प्रमोदने लेथवर ताडपत्री टाकली आणि शटरला हात घातला. पण ओढायचं सोडून तो त्या खुर्चीकडेच बघत राहिला. शेवटी शटर मीच खाली ओढलं.