सहा तासांचं पाऊल

आमच्या कॉलेजातल्या निश्चिंत सरांना उत्तर पडताळताना कधी कुणी पाहिलं नाही. हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. ऊर्जानगरच्या क्वार्टरमधून निघताना ते शर्टाची इस्त्री दोनदा बघत असतील, पण आकडे एकदाही नाही. "आकडे भडकले नाहीत ना? मग उत्तर बरोबर," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

त्यांची सारी भक्ती संगणकावर गणित सोडवायच्या इम्प्लिसिट पद्धतीवर. दर किती वेळानं पुढचा आकडा काढायचा, ते काळाचं पाऊल; साध्या पद्धतीत ते जरा मोठं पडलं की आकडे उधळतात. हिच्यात पुढच्या क्षणाचं उत्तर समीकरणातच गुंतवून सोडवतात, म्हणून ते शांत राहतात. शांत म्हणजे खरे नव्हेत, एवढं आम्हा पोरांनाही कळायचं. सरांना कळून घ्यायचं नव्हतं, कारण मोठ्या पावलानं काम चहाच्या आत आटोपायचं.

आरमोरीकडच्या एका गावात, जोराचा पाऊस झाला तर नाल्याचं पाणी कुठवर चढेल हे काढायचं काम आमच्याकडे आलं. सरांनी पाऊल घेतलं सहा तासांचं. मी पंधरा मिनिटांचं घेऊन पाहिलं, तर मधल्या वेळचा पूर पुरुषभर उंच निघाला. सरांच्या उत्तरात त्याचं नुसतं टेंगूळ उरलं होतं. कागद दाखवला तर म्हणाले, "दोन्ही उत्तरं स्थिर आहेत. मग उगाच मशीन कशाला झिजवतेस?" माझा प्रोजेक्ट त्यांच्या सहीवर अडलेला. मी कागद फाइलीत घातला.

गावच्या सभेत सरांनी गोठ्यांपर्यंत पाणी येणार नाही म्हणून सांगितलं. नाल्याकाठच्या सुमनबाईंनी विचारलं, "सर, पाणी मधातच चढून उतरलं तं तुमाले कसं दिसन?" सर हसले. हे गणित आहे बाई, म्हणाले. इतका मूर्ख माणूस इतक्या ऐटीत हसताना मी पुन्हा पाहिला नाही. मग सुमनबाई माझ्याकडे वळल्या, "पोरी, तू सांग. पाऊस लागला तं ढोरं सोडू का बांधून ठेवू?"

सर सांगतात तसंच, मी म्हणाले.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी पाणी चढलं आणि दिवस मावळायच्या आत उतरलं. दोन दिवसांनी आम्ही गेलो. सरांनी पाटलांच्या ओसरीवर वही उघडली, त्या दिवशीच्या पाण्याचा सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा आपल्या उत्तराशी ताडून पाहिला आणि समाधानानं म्हणाले, "बघ, जुळलं की नाही?" पुढं ते हारतुरे घेऊन निवृत्त झाले. त्या समारंभाला मी गेले नाही, मला त्यांची किळस येते.

त्या दिवशी ओसरीवरून पुढं गेलो, तर सुमनबाईंच्या गोठ्यात दोन म्हशी आणि एक रेडकू दाव्याला बांधलेलीच मेली होती. बाई चिखलातून दावी सोडवत होत्या. सरांकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"तुले माहीत होतं ना पोरी?"

मी हो म्हणाले.

"मंग सांगाचं होतं," एवढंच म्हणून त्या पुन्हा गाठ सोडवायला लागल्या.