आजाराचं नाव घेणारे वस्ताद

गारखेड्यातल्या आमच्या तालमीचे वस्ताद अंगात सदरा क्वचितच ठेवत. एका लग्नात पुढाऱ्याचं भाषण लांबलं, तेव्हा त्यांनी सदरा काढून त्याचाच वारा घेतला होता. माणसाची किंमत ते छातीवरून करत. माझी, म्हणजे एका शाळामास्तराची, त्यांनी पहिल्याच भेटीत केली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

अशा माणसाची छाती पन्नाशीत बाईसारखी वाढू लागली. ती ढिली पडली असं स्वतःच ठरवून वस्तादांनी जोर दुप्पट केले आणि भर मे महिन्यात जाड बंडी चढवली. खाली एक गाठही होती, पण ते कुणाला सांगणार? शेवटी पोटदुखीनं वाकले, तेव्हा सलीम पहिलवानानं आणि मी त्यांना धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. वृषणाचा कॅन्सर, त्यातही दुर्मीळ. ही गाठच हार्मोन तयार करते, त्यानं छाती वाढते. रोग पोटातल्या लसिका ग्रंथींपर्यंत पसरलाय. केमो, रेडिएशन याला फारसं लागू पडत नाही. ऑपरेशननं निघेल तेवढं काढायचं. पुरते बरे व्हाल, असं वचन देत नाही.

वस्तादांचा चेहरा उजळला. "म्हंजी मी गडी कमी नाय झालो? रोगच हाय?"

"रोगच आहे."

"मग काढा की, बाई! लई जोर फुकट गेले."

त्यानंतर दर शनिवारी मारुतीची आरती झाली, की वस्ताद पोटावरचा लांबलचक वण दाखवत, रोगाचं नाव घेत आणि पहिलवानांना सांगत, "गाठ हाताला लागली की त्याच दिवशी डॉक्टर. लाजला त्यो माझा पठ्ठ्या नाय."

"देवासमोर असलं बोलणं?" एका म्हाताऱ्यानं नाक मुरडलं.

"देवबी लंगोटातच हाय, काका."

पुढं रोग फुप्फुसात उगवला. पुन्हा ऑपरेशन झालं, गोळ्या झाल्या. त्यातून जे दिवस मिळाले ते त्यांनी तालमीतच घालवले. कुस्ती हरलेला माणूस इतक्या ताठ मानेनं आखाड्याबाहेर पडताना मी दुसरा पाहिला नाही.

शोकसभेत पुढारी म्हणाले, "दीर्घ आजारानं वस्ताद आपल्यातून..."

सलीम उठला. "साहेब, आजाराचं नाव घ्या. वस्ताद घेत होते."

पुढाऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला. मग सलीमनंच नाव घेतलं, खणखणीत. भाषण पुढं सुरू झालं, तेवढ्यात शेजारी बसलेला एक दांडगा पहिलवान माझ्या कानाशी वाकला.

"सर, त्या डॉक्टरीणबाई आज भेटतील का?"

मी सलीमला खूण केली आणि सभा तशीच सोडून आम्ही तिघं निघालो.