सेत्तीमिओच्या खुर्चीवर वाल्तेर

त्याचं खरं नाव वाउटर. ते उच्चारताना आमची जीभ अडखळते, म्हणून आम्ही त्याला वाल्तेर करून टाकलं. त्याला विचारलं नाही. हॉलंडात तो ट्राम चालवायचा. निवृत्त झाला, बायको सोडून गेली, आणि हा आमच्या रोक्कामूरात, डोंगरावर, पडकं घर घेऊन राहिला. जिथून आमची पोरं पळून जातात तिथे हा हौसेने आला, तेव्हाच गावाने ओळखलं की स्वारी डोक्याने हलकी आहे.

चौकातला बार माझा, वडिलांच्या वेळेपासूनचा. त्यामुळे वाल्तेरला इटालियन होताना मी रोज पाहिलंय. जेवणानंतर दुधाची कॉफी मागणं त्याने लवकरच सोडलं. आता कुणी प्रवासी ती मागताना दिसला की हा माझ्याआधी तोंड वाकडं करतो. मानेला वाऱ्याची झुळूक लागली तर माणूस आडवा होतो, हे त्याने इतकं मनावर घेतलं की मे महिन्यातही गळ्याला मफलर. यकृत कुठल्या बाजूला असतं ते माहीत नसताना त्याचं यकृत दुखायला लागलं. नगरपालिकेला शिव्या घालायलाही शिकला. फक्त घालून झाल्या की समोरच्या कारकुनाची माफी मागायचा.

एवढं सगळं करून एक गोष्ट त्याला मिळत नव्हती. पत्त्यांच्या टेबलावरची खुर्ची.

दुपारी माझ्याकडे एकच डाव बसतो. एर्कोले न्हावी, तंबाखूवाला कोसिमो, एक बहिरा गवंडी आणि सेत्तीमिओकाका, जुना पोस्टमन. वाल्तेर वर्षानुवर्षं काकाच्या पाठीशी उभा. काका त्याला पानं दाखवायचा. जोडीदाराला खूण करायला डोळा कधी मारायचा, ओठ कधी चावायचा, सगळं शिकवायचा. "सेत्तीमिओ म्हणजे माझा इथला एकुलता मित्र," असं वाल्तेर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. काका ऐकून न ऐकल्यासारखं करत पानं पिसायचा.

आता आमच्याकडे प्रेतगाडी दिसली की पुरुषाचा हात आपोआप खिशात जातो, आणि खिशातल्या खिशात मांड्यांच्या मध्ये, जिथे जायचं तिथे जातो. मरण आपल्याला चिकटू नये म्हणून. कुणी बघत नाही, कुणी बोलत नाही. वाल्तेरच्या मात्र ते नजरेत आलं आणि त्याने काकाला अर्थ विचारला.

"तो आमचा अखेरचा सलाम," काका गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "ज्याने जन्माला घातलं त्याची आठवण."

"मग लपवून का?"

"परक्या माणसासाठी लपवून. जिवलग असेल तर टोपी काढायची आणि उघड करायचं."

एर्कोलेने पत्त्यांआड तोंड लपवलं. वाल्तेरने मान डोलावली. आम्ही कुणीच त्याचा गैरसमज दूर केला नाही. उन्हाळा लांबलचक असतो, आणि गावात करमणूक ती काय?

थंडीत सेत्तीमिओकाका गेला.

अंत्ययात्रा बारवरूनच जाते. पुढे गाडी, मागे चालत काकाची बायको असुंताकाकू, तिच्यामागे गाव. आम्ही दारात, हात खिशात. वाल्तेर एकटा रस्त्याच्या कडेला गेला. टोपी काढली, ताठ उभा राहिला, आणि भरलेल्या डोळ्यांनी त्याने तो सलाम केला. उघड. पूर्ण मूठभर.

काकू थांबली आणि त्याच्याकडे वळली. त्याला वाटलं, आमच्या रीतीप्रमाणे दोन्ही गालांना गाल लावणार. म्हणून हा सहा फुटांचा माणूस वाकला, गाल पुढे केला. तिने तो सोयीस्कर गाल वाया जाऊ दिला नाही. आवाज चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेला.

संध्याकाळी मी काकूकडे सार घेऊन गेलो. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण पोचवतात. दारात वाल्तेर उभा होता.

"काकू, माफ करा. सेत्तीमिओने सांगितलं तसंच केलं हो मी."

"माहितीये मला," काकू म्हणाली. "रात्री जेवताना तुझी नक्कल करून दाखवायचा तो. हसून हसून ठसका लागायचा मेल्याला."

"माहीत होतं? मग मारलंत का?"

"गाव बघत होतं ना."

माझ्या हातातलं पातेलं घेऊन तिने दार लावलं. उतारावर वाल्तेर माझ्याबरोबर चालू लागला. मग म्हणाला, "सगळ्यांना ठाऊक होतं?"

"पाद्रीबाबांनासुद्धा," मी म्हटलं.

आता हा घर विकणार, असं आम्ही धरून चाललो. पण दुसऱ्या दिवशी दुपारी वाल्तेर हजर, मफलरसकट, आणि नेहमीसारखा त्याच खुर्चीमागे उभा. खुर्ची रिकामी. एर्कोलेने पानं चार जणांची वाटली.

"बस."

वाल्तेरने खुर्चीला हात घातला.

"थांब रे, घाई काय!" एर्कोले म्हणाला. "काल कोसिमो दुकानात अडकला होता. त्याने काही पाहिलं नाही बिचाऱ्याने. एकदा दाखव, मग बस."

वाल्तेर हसला. माणसं फोटोसाठी हसतात तसं. टोपी काढली आणि दाखवलं. बहिऱ्या गवंड्याने इतकं टेबल बडवलं की माझे दोन ग्लास फुटले. मग वाल्तेर बसला. डाव चांगला खेळला, खरं सांगायचं तर काकापेक्षा चांगला.

तेव्हापासून ती खुर्ची त्याची. कुणाचा पाहुणा आला, कुणाचा जावई आला की एर्कोले ओरडतो, "वाल्तेर, सलाम!" आणि वाल्तेर पानं पालथी ठेवून उठतो. हल्ली शेवटी गाल पुढे करून वाकतोही. ते त्याने स्वतःहून वाढवलंय.

परवा कोसिमोचा मेव्हणा आला होता. एर्कोलेने हाळी दिली, वाल्तेर उठला, आणि तेवढ्यात दारातून असुंताकाकू आत आली, काळ्या कपड्यांत, सारासाठी दिलेलं माझं पातेलं परत करायला. वाल्तेरचा हात टोपीवरच राहिला.

"अडलास का?" एर्कोले हळूच म्हणाला. "नको असेल तर राहू दे बाबा. मेव्हणेबुवा पत्ते छान खेळतात म्हणे."

मेव्हण्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. वाल्तेरने एकदा काकूकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे, आणि टोपी काढली.