दुखलं म्हणायचं

डोकेदुखीच्या दवाखान्यात काम करतो म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात. "दिवसभर कण्हणंच ऐकत असाल," म्हणतात. अहो, कण्हणं ऐकायला मिळालं असतं तर माझं अर्धं काम हलकं झालं असतं! आमच्याकडे सगळं उलटं आहे. दुखतंय हे माणसाच्या तोंडून काढायचं, यासाठी मला पगार आहे. त्यापायी एवढे किस्से साठलेत की जेवताना एक सांगायला घेतला की बायको म्हणते, आधी भाकर संपवा.

मी फिजिओथेरपिस्ट. नांदुऱ्यात आमच्या मॅडमचा मेंदूविकारांचा दवाखाना आहे आणि बुधवारी फक्त डोकेदुखीवाले येतात. त्यातही मॅडमचा जीव 'क्लस्टर'वाल्यांवर. या आजारात एकाच डोळ्यामागे भयंकर दुखतं. डोळा लाल होतो, पाण्यानं भरतो, माणूस एका जागी बसू शकत नाही, येरझाऱ्या घालतो. तासाभरात सगळं संपतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत हजर. असं काही आठवडे चालतं, मग कित्येक महिने काहीच नाही.

मॅडमना वाटतं की या लोकांचे मानेचे आणि खांद्याचे स्नायूही हळवे झालेले असतात, थोड्याशा दाबानं दुखतात. ते मोजायला हातात धरायचं मीटर आहे. त्याचं रबरी टोक खांद्यावर टेकवून मी हळूहळू दाब वाढवतो. नुसत्या दाबाचं दुखणं व्हायला लागलं की पेशंटनं म्हणायचं, "दुखलं." मी थांबतो आणि किलोचा आकडा लिहितो. याला सगळे 'काटा' म्हणतात. एवढं सोपं काम आहे, पण करून बघा!

*

तुलनेसाठी ठणठणीत माणसंही लागतात. साखरखेर्ड्याचे एक जुने पैलवान बायकोला दाखवायला आले होते, त्यांना विनंती केली. तीनदा समजावलं की सहन करायचं नाही, दुखायला लागलं की लगेच सांगायचं. त्यांनी तीनदा मान हलवली.

मी दाबायला लागलो. चार झाले, सहा झाले, आठ झाले. सुई शेवटाला टेकली, माझं मनगट थरथरायला लागलं. म्हटलं, पैलवान, दुखत नाही का? तर म्हणतात कसे, "तुम्ही थकले असान तर घडीभर बसा."

दोन दिवसांनी त्यांच्या बायकोचा फोन आला. हात वर होत नाही, सदरा मीच घालून देऊन राह्यली म्हणाली. आणि फोन केल्याचं त्यायले सांगू नका, असंही दोनदा बजावलं.

*

याच्या उलट एक काकू. खुर्चीत बसल्या, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाल्या, "दुखलं."

म्हटलं, काकू, अजून लावलाच नाही.

"मंग लावू नका ना."

आता याचा आकडा काय लिहायचा, तुम्हीच सांगा.

*

अमडापूरचे एक निवृत्त मास्तर क्लस्टरचे पेशंट होते. मॅडमनी त्यांना वही दिली. दुखलं की वेळ लिहायची आणि दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. मास्तर वही घेऊन आले. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला, आणि गुण रोज चार. मॅडम खूश झाल्या, औषध लागू पडतंय म्हणाल्या.

तेवढ्यात मास्तरीणबाई बोलल्या. काल दुपारी यायनं भिंतीवर डोकं आपटून घेतलं, शेजारचे धावत आले होते. मॅडमनी विचारलं, मास्तर, मग चारच कसे? मास्तर शांतपणे म्हणाले, "छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कोणालेच पाचाच्या वर देल्ले नाही."

औषधाचा डोस त्याच दिवशी बदलला.

*

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एका पेशंटनं बायको सोबत असताना दोन किलोला दुखलं म्हटलं. दुसऱ्या खांद्याच्या वेळेला त्याचा साळा, बायकोचा भाऊ, आत येऊन बसला, तर गडी पाचावर गेला! साळा बाहेर गेला, परत दोन. तेव्हापासून दारावर पाटी लावली की मोजणीच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर बसावं. लोकांना त्याचा राग येतो. आत असं काय करता, विचारतात. एका आजीबाईंनी तर खिडकीपाशी खुर्ची ओढून पूर्ण मोजणी पाहिली.

*

आता सुधाकरचं सांगतो. सुधाकर कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. धिप्पाड माणूस, रुईची पावणेदोनशे किलोची गाठ एकटा कलती करणारा. दर हंगामात पाच-सहा आठवडे रोज दुपारी सव्वातीनला त्याचं डोकं उठायचं. आधी दोन दाढा काढल्या, मग चष्मा लागला, मग कोणी सायनस म्हणालं, कोणी नजर लागली म्हणालं. आमच्याकडे आला तेव्हा मॅडमनी पाच मिनिटांत आजार ओळखला. त्याची वेळ इतकी पक्की की आमच्या कंपाउंडरनं भिंतीवरचं घड्याळ त्याच्या डोकेदुखीवरून दहा मिनिटं पुढे केलं. नंतर स्टेशनवरच्या घड्याळात पाहिलं, तर सुधाकरचीच वेळ बरोबर होती.

पण जिनिंगमध्ये कोणी हे पाहिलंच नव्हतं. सव्वातीनला तो गोदामामागे निघून जायचा आणि तासाभरानं डोळा लाल करून यायचा. हमालांच्या टोळीनं अर्थ लावला की गडी पिऊन येतो. टोळीचे मुकादम श्यामराव, आणि ते सुधाकरचे सख्खे सासरे! त्यांनी सांगून टाकलं होतं की सोमवारपासून टोळीत यायचं नाही, आणि पोरीले मी घरी नेतो. मॅडमची चिठ्ठी दाखवली तर म्हणाले, कागदावर काय, काहीही लिहून भेटते.

शेवटी सुधाकरची बायको मंगला बापाच्या पाया पडली, तेव्हा दुपारी टोळी सोडता येत नाही म्हणून ते बुधवारी सकाळीच स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आले. मॅडमनी सांगितलं की आजार मी ओळखलेला आहे, काट्यानं तो ओळखता येत नाही, पण दुखण्याची वेळ नसतानाही याचा खांदा किती हळवा आहे ते बघा. मी पाटीकडे बोट दाखवलं. मुकादम म्हणाले, "मी बाहेर गेल्यावर तुमी काय लिहान, मले काय मालूम?" मॅडम म्हणाल्या, बसू द्या. मी मनात म्हटलं, बोंबललं!

आदल्या बुधवारी, एकटा असताना, सुधाकरनं दीड किलोला दुखलं म्हटलं होतं. आज सासरे समोर. दीड गेला, तीन गेले, पाच झाले. हा दगडासारखा भिंतीकडे पाहतोय. मीच घाबरून हात काढला. मॅडमनी विचारलं, सुधाकर, दुखलं का? तो खाली बघून म्हणाला, नाही मॅडम. माझा असा संताप झाला! अरे, संसार मोडायला आलाय आणि तुला इभ्रत सुचते?

"पाहा," मुकादम म्हणाले, "काय झालं याले?" दाराशी उभ्या मंगलाच्या डोळ्यांना धार लागली. मुकादम उठले, दुपट्टा खांद्यावर टाकला, आणि चला म्हणत सुधाकरच्या खांद्यावर हात ठेवला.

हात तिथेच राहिला. अंगठा मानेकडे थोडा सरकला, तसा सुधाकरचा खांदा आकसला आणि अंगठा थांबला. मग त्यांनी दुसरा खांदाही चाचपला. मग ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गड्याच्या पाठीवर बोजा द्यायच्या आधी मी हात ठेवूनच पाहतो. दुखते म्हणून तोंडानं कोणी सांगत नाही."

मला वाटलं आता निघतील. पण मुकादमांनी दुपट्टा काढला, सदरा काढला, आणि सुधाकरच्या समोरच्या स्टुलावर बसले. "मले लावा," म्हणाले.

पन्नास वर्षं पोती वाहिलेला खांदा तो, लाकडासारखा. मी काटा नुसता टेकवला. पाव किलोसुद्धा झालं नसेल.

"दुखलं," मुकादम जावयाकडे बघत मोठ्यानं म्हणाले.

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, लिहा.

"आता त्यायले लावा," मुकादम म्हणाले.

मी परत सुधाकरच्या खांद्यावर काटा टेकवला. अर्धा. एक. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. सव्वा.

"दुखलं, मामाजी."

"हाव," मुकादम म्हणाले, आणि सदऱ्याची बटणं लावायला लागले.