उतारावरची ओल

मानोऱ्याकडच्या डोंगरउतारावर आमचे सहा एकर सामाईक वावर आहे. थोरले भाऊ गेल्यापासून ते वहिनीच कसतात. मी शेतीखात्यातला पगारी माणूस. आमच्या महसूल मंडळात किती पाऊस झाला, याचा आकडा रोज सकाळी माझ्या मोबाइलवर येतो आणि त्यावरून पेरणी केव्हा करावी, हे मी गावोगाव सांगतो. वहिनींना मात्र इतक्या वर्षांत मी एकदाही काही विचारले नव्हते. हे लिहिताना लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

त्यांची रीत अशी. पाऊस उघडला की खुरपे घेऊन वावरात जायचे. माथ्यावर, मध्यावर आणि पायथ्याशी माती उकरून ओल किती बोटे खाली उतरली ते मोजायचे. घरी आल्यावर कॅलेंडरातल्या त्या तारखेच्या चौकटीत तेवढ्या रेघा ओढायच्या. जुनी कॅलेंडरे त्या टाकत नाहीत. आपला माथा सर्वांत शेवटी भिजतो, सर्वांत आधी सुकतो आणि सुरुवातीच्या पावसानंतर इथे बहुधा उघडीप पडते, हे त्या रेघांनीच त्यांना शिकवले होते.

गेल्या वर्षी मंडळाचा आकडा पेरणीजोगा झाला. घरात राखलेले सोयाबीनचे बियाणे एकाच पेरणीपुरते होते. मी सुटी काढून गेलो, तर वहिनी उकरलेल्या खड्ड्यापाशी बसलेल्या.

“भाऊजी, माथ्यावर तीनच बोटं ओल हाये. थांबा जराक.”

“अहो, सगळ्या मंडळात पेरण्या सुरू झाल्यात.”

“तो पाऊस खालच्या गावात मोजला. आपल्या वावरानं कुठी पाह्यला तो?”

“कॅलेंडरावर रेघोट्या ओढून शेती होत नसते, वहिनी,” मी म्हणालो.

आवाज चढवला नव्हता. हळू बोललेला शब्दही किती खोल लागतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळावे! हिस्सा माझाही आहे, असे म्हणून मी वरचे तीन एकर पेरून घेतले. खालच्या तीन एकरांचे बियाणे त्यांनी पोत्यातच ठेवले.

उघडीप पडली ती लांबतच गेली. माथ्यावरचे कोवळे अंकुर करपले. ज्याच्या बैलांनी पेरणी झाली, तो शेजारी दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून म्हणाला, “काय साहेब, मोबाइलातला पाऊस वावरात उतरलाच नाही काय?”

मी मान खाली घातली. उत्तर वहिनींनी दिले.

“काहून दात काढून राह्यला? मांगच्या साली तुह्या वावरात काय उगवलं होतं, सांगू काय?”

तो हसत हसत निघून गेला. माझ्या वाट्याचे हसू त्यांनी असे परतवले, तेव्हा मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले.

पुन्हा चांगला पाऊस झाल्यावर या वेळी खड्डे मी उकरले. माथ्यावर बोटे पुरेनात. वीतभर ओल होती.

“वहिनी, माझं चुकलं. बियाणंही गेलं. आता वर काय करायचं?”

“खाली माह्यं सोयाबीन पेरू. माथ्यावर आता तूर. तिचं मूळ खोल जाते, ओल धुंडत. घरचं बी ठेवलं हाये म्या.”

“आणि मी?”

“तुमी सरता धरा. पण बी पातळ सोडजा, भाऊजी. कचेरीचा कागद नाही तो, भसाभसा वाटाले.”

तिफणीमागे बांधलेल्या त्या बांबूच्या नळीत मुठीने बी सोडण्याचे काम आमच्याकडे बायकांचे. मी ते आयुष्यात प्रथमच केले. त्या माथ्यावर पुढे तूर चांगली आली. त्याचे श्रेय माझे नव्हे. वहिनी माझ्या मागोमाग चालत होत्या. दर काही पावलांवर वाकून माती बाजूला करायच्या, किती दाणे पडले ते पाहायच्या, आणि “आवळा मूठ” एवढेच म्हणायच्या. तिफणीची चौथी फेरी झाल्यावर मागून आवाज येईना. वळून पाहिले, तर त्या धुऱ्यावर जाऊन बसल्या होत्या आणि खालच्या वावरासाठी सोयाबीन निवडत होत्या.